मुलाकडे वाचनाचा हिशेब मागू नका

मुलाला शाळेत घातलं नाही म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न परीक्षेचा असतो आणि दुसरा वाचनाचा. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेकडून घरी शिकलेल्या मुलाला दहावी देता येते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात गृहशिक्षणाचा उल्लेखच नाही, म्हणून मामला जरा अधांतरी आहे. तो वकिलांनी पाहावा. दुसरा प्रश्न मात्र खरा आहे. बाई नाहीत, तास नाही, शेजारच्या बाकावर पुढे गेलेला मित्र नाही. मग हे पोर पुस्तक हातात धरणार तरी कशाला?

यावर दोन पक्ष मांडले जातात. मला दोन्ही अमान्य आहेत.

पहिला पक्ष धाकाचा. मागे कोणी लागल्याशिवाय मूल वाचत नाही, असं तो म्हणतो. मग लक्ष्मीबाई टिळकांचं काय करायचं? त्या शाळेत गेल्या नाहीत, वाचायला घरीच शिकल्या, आणि त्यांच्या 'स्मृतिचित्रां'शिवाय मराठी आत्मचरित्राची गोष्ट पुरी होत नाही. धाकवाल्यांकडे याला तोडीस तोड दाखला आहे, तो मीच देतो. आनंदीबाई जोशी जन्मल्या कल्याणात, १८६५ साली. नवरा गोपाळराव त्यांना घरी शिकवत आणि अभ्यास चुकला की मारत. १८८६ मध्ये आनंदीबाई अमेरिकेत डॉक्टर झाल्या. म्हणजे धाकाने शिक्षण होतं, हे कबूल. पण धाकाने वाचनाची गोडी लागते, हे त्यातून कुठे सिद्ध झालं? आनंदीबाई पुढे गेल्या त्या स्वतःच्या जिद्दीने. त्याचं श्रेय छडीला देणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

आणि गोपाळराव गेलेले नाहीत. छडीच्या जागी तक्ता आला, एवढंच. ठाणे जिल्ह्यात तानसा नदीच्या काठाला, वज्रेश्वरीच्या अलीकडे, मुंबई सोडून राहायला आलेलं एक कुटुंब माझ्या ओळखीचं आहे. माणसं चांगली, शाळेच्या घोकंपट्टीला विटलेली. त्यांच्या ओटीवरच्या भिंतीला तक्ता होता: तारीख, पुस्तकाचं नाव, पानं, 'यातून काय शिकलीस?' आठ वर्षांच्या लेकीने मला कपाटातून एक पुस्तक काढून दाखवलं. आत मोठमोठी चित्रं, पानाला दोन ओळी. "आवडतं का गं तुला हे?" मी विचारलं. "तसं नाही काका, याची पानं पटकन भरतात." ज्या शाळेतून पोरीला सोडवलं ती शाळा आईबापांनी ओटीवर पुन्हा भरवली होती, आणि या शाळेला सुट्टीही नव्हती.

दुसरा पक्ष याच्या उलट टोकाचा. जॉन होल्ट या अमेरिकन शिक्षकाचं नाव घेऊन तो सांगतो की मुलाला हात लावू नका, तयार झालं की आपणहून वाचेल. वाचेल, पण काय वाचेल? वज्रेश्वरीच्या देवळाखालच्या दुकानांतून चक्कर मारा. हार, नारळ, ओटीचं सामान, प्लास्टिकच्या बंदुका. छापील म्हणाल तर आरतीसंग्रह आणि पोथ्या. जे पुस्तक मुलाने कधी पाहिलंच नाही, ते त्याला हवंसं वाटणार कसं? स्वातंत्र्याच्या नावाखाली आपण मुलाला मोबाइलच्या हवाली करतो आणि वर त्याला तत्त्वज्ञान म्हणतो.

मग करावं काय? मोठ्याने वाचून दाखवावं. रोज, आणि मुलाला स्वतःला वाचता यायला लागल्यानंतरही. बहुतेक घरांत मूल जोडाक्षरं वाचू लागलं की आईबाप सुटकेचा निःश्वास टाकून वाचून दाखवणं बंद करतात. नेमकं तिथेच बिघडतं. कानाची समज डोळ्यांच्या बरीच पुढे असते. अडखळत वाचणाऱ्या मुलाला स्वतःच्या वेगाने फक्त बाळबोध मजकूर झेपतो आणि तो त्याच्या अकलेला कमीपणा आणतो. वसईच्या मोहिमेत, १७३९ साली, चिमाजीअप्पांनी वज्रेश्वरी देवीला नवस केला, अशी परंपरा सांगतात. देवळाच्या पायऱ्यांवर बसून ती गोष्ट मुलाला सांगा, रात्री वसईच्या लढाईची चार पानं वाचा, तट फुटायच्या आधी थांबा आणि पुस्तक उघडंच ठेवून दिवा न मालवता उठून जा. सकाळी काहीही विचारू नका. हे न विचारणंच सगळ्यात कठीण आहे.

पुस्तक अर्धवट टाकायची मुभा हवी, आणि एकच फास्टर फेणे दहा वेळा वाचायचीही. इंग्रजी वाचनाची घाई करणाऱ्यांना एवढंच सांगतो: घरात जी भाषा बोलली जाते तिच्यातच कान तयार होतो, आजी आगरीत गोष्ट सांगत असेल तर तीही वाचनाचीच तयारी. आता पुस्तकं आणायची कुठून? 'किशोर' मासिक १९७१पासून निघतं, जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं तर आईबापांनी स्वतःसाठी घ्यावीत, इतकी चांगली आहेत.

हे सगळे सुखवस्तूंचे चोचले, असा आक्षेप उरतो. वज्रेश्वरीत उभं राहून तो झटकता येत नाही. दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या पट्ट्यात वीटभट्ट्या लागतात, कातकरी कुटुंबं बिऱ्हाड घेऊन येतात, आणि त्यांची पोरं शाळेबाहेर राहतात ती आवडीने नव्हे. याला गृहशिक्षण म्हणणं ही थट्टा होईल. पण उपाय याच भागात सापडला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. विधायक संसद या संस्थेने नव्वदच्या दशकात भट्टीवरच्या झोपड्यांशेजारी भोंगाशाळा भरवल्या. मूल जिथे आहे तिथे पुस्तक गेलं पाहिजे, हे या लोकांनी करून दाखवलं.

घरी शिकणाऱ्या मुलाला एका गोष्टीची खरी वाण असते: वाचलेलं सांगायला दुसरं मूल. भट्टीवर ती मुलं आहेत, त्यांच्याकडे पुस्तकं नाहीत. तेव्हा या भागातल्या गृहशिक्षणवाल्या आईबापांना माझी विनंती आहे. भिंतीवरचा तक्ता काढा, आठवड्यातून एक संध्याकाळ पुस्तकांची पिशवी भट्टीवर न्या, आणि वाचून दाखवायचं काम तुमच्या लेकीला करू द्या. देवस्थानानेही भक्तनिवासात बालपुस्तकांचं एक कपाट ठेवावं, बिनकुलपाचं. चार पुस्तकं चोरीला गेली तर जाऊ द्यावीत.