हिरडा, लोखंड आणि लाकडी ठसे

नागपुरात मैत्रिणींची शिवणाची संध्याकाळ बहुधा फॉल-पिको, ब्लाउजचे गळे आणि गप्पा यांतच सरते. यंदा आमच्या मैत्रिणींनी त्यात लाकडी ठसे आणले. सुती कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवलं की फिकट पिवळं होतं. गूळ-पाण्यात आंबवलेल्या गंजक्या लोखंडाचं पाणी चिंचोक्याच्या खळीने घट्ट करायचं. त्याचा ठसा उमटला की हिरड्यातलं टॅनिन आणि लोह मिळून कापडावर पक्का काळा रंग चढतो. पहिला ठसा काळा होताना सगळ्यांचं बोलणं थांबलं! हिरडा तर आपल्याच गडचिरोली-मेळघाटच्या जंगलातला. करवतकाठी साड्या विणणाऱ्या विदर्भाला ही छपाई परकी वाटू नये. वाचकहो, चार जणी जमून नक्की करून पाहा; कापडाची खळ मात्र आधी धुऊन काढा.