आजचे पुस्तक, उद्याचा ठेवा

कोलकात्यातील बेल्व्हेडियर वास्तूत एकेकाळी बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर राहत. स्वातंत्र्यानंतर तेथे राष्ट्रीय ग्रंथालय आले आणि १ फेब्रुवारी १९५३ रोजी मौलाना आझाद यांनी ते सर्वांसाठी खुले केले. पुढे ग्रंथव्यवहार शेजारच्या भाषा भवनात गेला. मग या जुन्या दालनांत दुर्मीळ ग्रंथ लोकांसमोर मांडावेत, याहून त्यांचा चांगला उपयोग कोणता? कुलपात राहिलेला ठेवा अभ्यासकांपुरताच उरतो. शाळकरी मुलाला तो काचेआडून का होईना, दिसला पाहिजे.

मराठी माणसाने अशा दालनात आवर्जून शोधावीत ती श्रीरामपूरची पुस्तके. हे श्रीरामपूर आपल्याकडचे नव्हे, हुगळीकाठचे. मिशनरी विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण तेथे १८०५ मध्ये छापले गेले आणि १८१० मध्ये त्यांचा मराठी कोश निघाला, तोही मोडी टायपात. वैजनाथ पंडितांसारख्या जाणकाराच्या साह्याने हे काम उभे राहिले. मराठी मुद्रणाची सुरुवातीची काही पावले बंगालमध्ये उमटली, हे किती जणांना ठाऊक आहे? त्या काळी ही पुस्तके म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या नोकरांना मराठी शिकवण्याचे साधन होते. पुढे त्यांना मोल येईल म्हणून ती कोणी छापली नव्हती. कोणीतरी जपली, म्हणून त्यांचा ठेवा झाला.

प्रदर्शनाच्या कौतुकात नेमके हेच निसटते. ठेवा जमतो तो रोजच्या टपालातून. त्यासाठी १९५४ मध्ये ग्रंथ प्रदान कायदा झाला. प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची एक प्रत स्वखर्चाने राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत मुंबई, चेन्नई व दिल्लीच्या ठरवून दिलेल्या ग्रंथालयांना ३० दिवसांत पाठवायची. पुस्तिका आणि नकाशेही त्यात आले. हे न करणाऱ्याला दंड ठरला तो ५० रुपयांपर्यंत, वर पुस्तकाची किंमत. एवढ्याशा दंडाचा धाक कोणाला वाटणार? मोठे प्रकाशक प्रती पाठवतीलही. पण तालुक्याच्या छापखान्यात निघालेला गावचा इतिहास, एखाद्या कार्यकर्त्याने पदरमोड करून छापलेले आत्मकथन, बोलीतील शब्दांची चाळीस पानी पुस्तिका यांचे काय? दोनशे वर्षांनी संशोधक हेच शोधत येतील.

केंद्र सरकारने दंडाची रक्कम आजच्या काळाला साजेशी करावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लहान प्रकाशकांचा टपालखर्च उचलावा. आलेल्या प्रतींची नोंद वेळेवर व्हावी, यासाठी ग्रंथालयाला पुरेसा कर्मचारीवर्ग द्यावा. मराठीत पुस्तक काढणाऱ्या प्रत्येकाला आमचे सांगणे आहे : छापखान्यातून गठ्ठा आला की प्रकाशन समारंभाच्या आधी चार प्रती बाजूला काढा आणि टपालात टाका.