सुरक्षित स्थळ कोणते?

वादळाची चाहूल लागली की समुद्रात गेलेल्या नौकांना माघारी बोलावण्याचे काम आता पुष्कळसे चोख होते. बंदरावर बावटा चढतो, आकाशवाणीवरून सूचना जाते, भ्रमणध्वनीवरही संदेश येतो. 'नौका सुरक्षित स्थळी हलवाव्यात' हे त्यातील ठरलेले वाक्य. ते स्थळ कोणते, याविषयी मात्र अवाक्षर नसते.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता आणि पौर्णिमा अवघ्या दोन दिवसांवर होती. हा योग ध्यानात घेण्याजोगा आहे. उधाणाच्या भरतीवर वादळाने लोटलेले पाणी चढले की नेहमीची भरतीरेषा निरर्थक ठरते. तिच्या थोडी वर ठेवलेली होडी तरंगू लागते, दोर तुटतो आणि ती खडकावर वा शेजारच्या होडीवर आपटते. पाणी न पोचले तरी वारा तळाखाली शिरून हलकी होडी उलथवतो. उलांडीच्या होडीला तर वाऱ्याने धरावे असे आणखी एक अंग असते.

उपाय मच्छीमारांना कोणी शिकवायला नको. होडी ओंडक्यांवरून पुळणीच्या पार माथ्यापर्यंत ओढायची, शीड-इंजिन उतरवायचे, नाळ वाऱ्याकडे करायची आणि दोन्ही अंगांनी खोल पुरलेल्या खुंटांना आखूड दोराने जखडायचे. माडाला बांधले की भागते, ही समजूत 'निसर्ग'नेच मोडली. श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्यांतील माड-पोफळी मुळासकट आडव्या झाल्या.

परंतु माथा उरला आहे कोठे? तेथे कोठे पर्यटकांच्या निवासांची कुंपणे आहेत, तर कोठे धूपप्रतिबंधक बंधारे. बंधारा जमीन राखतो, हे खरेच. होडी मात्र त्याच्या समुद्राकडील बाजूस अडकून पडते. दगडांच्या त्या राशीवरून ती वर न्यावी कशी, याचा विचार आखणी करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. त्यात मे २०२१ मधील 'तौक्ते'सारखे वादळ पावसाळी मासेमारीबंदीपूर्वीच आले, तर दोन-तीन दिवसांत साऱ्याच होड्या वर घ्याव्या लागतात. तेवढे मनुष्यबळ एका वाडीत नसते.

बंधाऱ्यात ठिकठिकाणी उतरती वाट, माथ्यावर काँक्रीटमध्ये रोवलेली लोखंडी कडी आणि वाडीगणिक एक विंच, एवढीच ही मागणी आहे. बंधाऱ्याच्या खर्चापुढे ती क्षुल्लक ठरावी. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेनेही मच्छीमारांच्या सोयींना जागा ठेवली होती. तेव्हा कायदा आड येतो, ही सबब फारशी टिकणारी नाही. बांधून झालेले बंधारे फोडणे अवघड असेल. ज्यांच्या निविदा अद्याप निघायच्या आहेत, त्यांच्या नकाशात तरी होडीपुरती वाट आधी आखली जावी.