सिपरची झडप काढून पाहिलीत?

बारशाला हल्ली चांदीच्या बोंडल्याऐवजी रंगीत सिपर येतो. त्यावर कार्टून, धरायला दोन कान, वर झाकण आणि झाकणात रबरी झडप. लेकरानं उलटा केला तरी थेंब सांडत नाही. आई खूश!

या न सांडणाऱ्या कपामागंही एक आईच आहे, इंग्लंडच्या मँडी हॅबरमन. त्यांच्या मुलीला जन्मतःच टाळूचा दोष असल्यानं दूध ओढता येईना, म्हणून त्यांनी आधी वेगळी बाटली तयार केली. पुढे कुणाच्या तरी घरी एक पोर गालिच्यावर सरबत सांडताना पाहिलं आणि ओढलं तरच पेय येईल, सोडलं की बंद होईल, असा कप केला. पेटंट घेतलं. एका कंपनीनं तसलाच कप बाजारात आणला तेव्हा कोर्टात गेल्या आणि १९९९ मध्ये जिंकल्या. बाईचं मला मनापासून कौतुक वाटतं. आपल्या युक्त्यांना घरातसुद्धा कुणी विचारत नाही, पेटंट तर लांबच!

पण त्यांची अडचण गालिच्याची होती. आपल्याकडं सांडलं तर फरशी पुसली की झालं. आपली अडचण पाण्याची. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही. उन्हाळ्यात साठवणीच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या घरात झडपेच्या खाचेतली साय कोण खरवडणार? नांदेडच्या वस्त्यांत जाते तेव्हा मी सिपर हटकून उघडून बघते. आत चिकट थर, आंबूस वास. आई म्हणते, "ताई, रोज धुते की!" तिचं काय चुकलं? झडप निघते, हेच तिला कुणी सांगितलेलं नसतं. मग लेकराला जुलाब, सलाईन आणि घरच्यांची मजुरी बुडते.

डॉक्टर वाटी-चमच्याचा आग्रह धरतात तो यासाठीच. दूधबाटलीच्या जाहिरातीवर १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, तीही उगाच नाही. आपलं बोंडलं बघा. उघडं, एका बाजूला चोच, ना झाकण ना झडप. आत बोट फिरतं, उकळत्या पाण्यात सहज बुडतं. चांदीचंच हवं असं नाही, स्टीलची छोटी वाटी चालते. जरा मोठं झालं की लहानसा पेला, त्यात दोनच घोट पाणी. सांडेल, सांडू द्या. हळूहळू धरायला शिकतं.

आणि सिपर घरात आलाच असेल, तर आज भांडी घासताना त्याची झडप तेवढी काढून बघा.