चार घटका ज्ञानाच्या : काचेंत शिकावयाचें काय?

गेल्या महिन्यांत एका लग्नानिमित्त जालना जिल्ह्यांतील पिंपळगांव रेणुकाई येथें जाण्याचा योग आला. भोकरदन तालुक्यांतील हें गांव मिरचीच्या बाजारासाठीं प्रसिद्ध आहे. पंगती आटोपून पानसुपारी चालली असतां आमच्या एका स्नेह्यांनीं आपली चिंता सांगितली. त्यांची कन्या पदार्थविज्ञान घेऊन एम्. एस्सी. झाली आहे. एक चांगलें स्थळ चालून आलें असतां तिनें काचेवर संशोधन करण्याचा हट्ट धरला आहे. "बांगड्या आणि बरण्या यांपलीकडे काचेंत शिकण्यासारखें आहे तरी काय? पांच वर्षें घालवून हातीं काय लागावयाचें?" असा त्यांचा सवाल होता. तो अनेक घरांतला आहे, म्हणून त्यांस दिलेलें उत्तर येथें देत आहों.

काचविद्या महाराष्ट्रास नवी नाहीं. अंताजी दामोदर काळे यांनीं लोकांकडून एकेक पैसा मागून पैसा फंड उभारला, लोकमान्य टिळकांनीं त्यास पाठबळ दिलें, आणि १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें काचेचा कारखाना निघाला. तो चालविण्यास पुढें आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे जपान व अमेरिका येथें जाऊन ही विद्या शिकून आले होते. पुढें १९१६ सालीं कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला आणि त्यांच्या 'प्रभाकर' कंदिलानें आपल्या आजोबा-पणजोबांच्या माजघरांत उजेड पाडला.

तो कालचा उजेड. आजचा उजेड काचेच्या पोटांतून धांवतो. खिडकीच्या तावदानाची कड पाहावी, ती हिरवट दिसते. तो काचेंतील लोहाचा गुण. अशा काचेंतून प्रकाश फार दूर जात नाहीं. १९६६ सालीं इंग्लंडांत चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहम यांनीं असें प्रतिपादिलें कीं, दोष काचेचा नसून तींतील मळाचा आहे. किलोमीटरभर गेल्यावर शेंकडा १ भाग प्रकाश उरला तरी संदेश नेतां येईल. त्या काळीं तेवढेंहि असाध्य वाटे. १९७० सालीं अमेरिकेंतील कॉर्निंग कंपनीच्या तिघां शास्त्रज्ञांनीं तें साधलें. आज उत्तम तंतूंत तेवढ्याच अंतरावर शेंकडा ९५ भाग प्रकाश शिल्लक राहतो. तंतूची जाडी मिलिमीटरच्या अष्टमांशाइतकी! काओ यांस नोबेल पारितोषिक मिळालें तें मात्र २००९ सालीं, म्हणजे ४३ वर्षांनीं.

असा तंतु आपल्या मराठवाड्यांतच, छत्रपति संभाजीनगराजवळ शेंद्रे व वाळूज येथील औद्योगिक वसाहतींत तयार होतो. पिंपळगांवच्या मिरचीचा भाव दूरच्या व्यापाऱ्यास कळवितां, तो वाटेंत कोठें तरी अशाच काचेंतून जातो, हें ऐकून आमचे स्नेही थोडे चकित झाले.

काच केवळ संदेशच नेते असें नाहीं. फ्लोरिडांत लॅरी हेंच यांनीं १९६९ सालीं चुना व स्फुरद घातलेली अशी काच सिद्ध केली कीं, ती जिवंत हाडाशीं एकजीव होते. पुढें मिसूरी प्रांतांत डेल्बर्ट डे यांनीं टंकणाच्या जातीची काच कापसासारखी पिंजून चिघळलेल्या जखमेंत भरण्याजोगी केली.

तरी आम्हीं त्यांना खोटी आशा दाखविली नाहीं. या वाटेवर विद्यावेतन बेताचें, नोकऱ्या थोड्या. महिनाभर जपलेला नमुना भट्टींतून काढतांना तडकला म्हणजे पुन्हां आरंभापासून आरंभ. परंतु ज्या मुलीस हें ठाऊक असूनहि जावेंसें वाटतें, तिला अडविल्यास ती संसार करील, पण मनांतला तडा कोणत्या भट्टींत सांधावा? आणि स्थळ खरोखर चांगलें असेल, तर तें तिच्या विद्येसह तिला पत्करील. १९५० सालीं स्थापन झालेली कोलकात्याची काच व मृत्तिका संशोधन संस्था आजहि चालू आहे. दुर्बिणींना लागणारी काच डॉ. आत्माराम यांच्या नेतृत्वाखालीं तेथेंच सिद्ध झाली.

स्नेही कांहीं बोलले नाहींत. इतक्यांत दाराआडून त्यांच्या मंडळींनीं विचारलें, "पण तेथें मुलींच्या राहण्याजेवण्याची सोय कशी आहे?"

मुलगी तेथेंच तबक घेऊन उभी होती. तिनें हळूच एक कागद वडिलांपुढें ठेवला. वसतिगृहाची चौकशी तिनें आधींच करून ठेविली होती.