भिंतीची ओल आणि भाडेकरूची ‘राहणी’

इंग्लंडमधील मँचेस्टरजवळच्या रॉचडेल शहरी डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हे दोन वर्षांचे मूल श्वसनविकाराने दगावले. घरातील बुरशीशी दीर्घकाळ आलेला संपर्क हेच या मृत्यूचे कारण होय, असा निर्वाळा मृत्युचौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. सुदानहून आलेल्या त्याच्या पित्याने बुरशीची तक्रार २०१७ मध्येच केली होती. वरून रंग मारून घ्या, असे त्याला सांगण्यात आले. पुढे २०२० साली त्याने वकिलामार्फत दावा मांडला, तेव्हा वकिलाची संमती येईपर्यंत दुरुस्तीला हात लावावयाचा नाही, हा घरमालक संस्थेचा नियम आड आला. हक्क मागितला म्हणून कामच थांबले!

ही घरमालक संस्था कोणी नफेखोर सावकार नव्हती. भाडेकरू आणि कर्मचारी हेच जिचे सभासद, अशी ती सामाजिक गृहसंस्था होती. मालकीचे स्वरूप पालटले की वृत्तीही आपोआप पालटते, असे मानणाऱ्या आपल्या मित्रांनी हे विसरू नये. कुटुंबाच्या राहणीविषयी आपण करून घेतलेले समज चुकीचे होते, अशी कबुली संस्थेने नंतर दिली; पण तोवर मूल गेले होते.

‘राहणी’चा हा युक्तिवाद तपासून पाहण्याजोगा आहे. घरात ओल तीन वाटांनी येते : गळतीतून, जोत्यातून वर चढून, किंवा घरातील वाफ थंड भिंतीवर साकळून. पहिल्या दोहोंत मालकाला हात झटकता येत नाहीत. म्हणून सारा दोष तिसरीवर ढकलला जातो. कपडे आत वाळवता, खिडक्या उघडत नाही, असे भाडेकरूला सुनावले जाते. खिडकी उघडणे हे त्याचे काम, यात वाद नाही. परंतु भिंत थंड का राहते, वाफ बाहेर जाण्यास वाट का नाही, हे ठरविण्याचा अधिकार त्याला नसतो. जो खर्चाचा निर्णय घेतो त्याला रोगाची झळ लागत नाही, आणि ज्याला झळ लागते त्याला निर्णय घेता येत नाही; मग दुरुस्ती लांबणीवर टाकणे हाच मालकाचा किफायतशीर व्यवहार ठरतो.

हा व्यवहार उलटविण्यासाठी इंग्लंडने २०२३ च्या कायद्यात त्या मुलाच्या नावे ओळखले जाणारे कलम घातले. २७ ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक घरांच्या मालकांना तातडीचा धोका चोवीस तासांत दूर करावा लागतो. इतर गंभीर धोक्यांची पाहणी कामाच्या दहा दिवसांत आणि ती संपल्यावर पाच दिवसांत घर सुरक्षित, हे बंधन आहे. ते न जमल्यास पर्यायी निवारा द्यावा लागतो.

आपल्याकडे काय आहे? महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम १४ घर राहण्यायोग्य ठेवण्याची जबाबदारी मालकावरच टाकते. मात्र ‘विरुद्ध करार नसेल तर’. पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, ‘वाजवी मुदत’ वाट पाहावी, मग स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. तोही वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. पागडीच्या खोलीचे भाडे लक्षात घेतले, तर एवढ्या रकमेत एका भिंतीचा गिलावाही होणार नाही. आणि अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा तर या कायद्याच्या भाषेत भाडेकरूच नव्हे. पावसाळ्यात भिंत काळी पडली म्हणून त्याने तक्रार केली, तर करार पुढे चालू न ठेवणे एवढेच मालकाला पुरते.

‘वाजवी मुदत’ या शब्दांच्या जागी दिवसांचा आकडा घालावा, चौथ्या हिश्शाची मर्यादा धोकादायक ओलीपुरती उठवावी, आणि लायसन्सवरील कुटुंबांनाही हे संरक्षण द्यावे, ही मागणी विधिमंडळात गेली पाहिजे. तोवर कलम १४ मधील एक सोय फारशी कोणी वापरत नाही : नोटीस अनेक भाडेकरूंना मिळून देता येते. चाळीचाळींतील कार्यकर्त्यांनी ती मृगापूर्वीच, लेखी, पोस्टाने आणि सर्वांच्या सह्यांनिशी धाडावी.