नेफर्तितीची वाटणी

१ नोव्हेंबर २०२५ रोजी गिझाच्या पिरॅमिडांजवळ इजिप्तचे नवे भव्य संग्रहालय थाटात उघडले आणि बर्लिनमधील नेफर्तितीचा जुना तंटा पुन्हा पुढे आला. २०२४ मध्येच पुराणवस्तुशास्त्रज्ञ झाही हवास यांनी तिच्या परतीसाठी सह्यांची मोहीम काढली होती.

राणीचा हा अर्धपुतळा जेमतेम अर्धा मीटर उंच. चुनखडीचा गाभा, वर गिलावा, त्यावर रंग. तेहतीस शतके लोटली तरी ते रंग टवटवीत आहेत. डाव्या डोळ्याची खोबण तेवढी रिकामी. ६ डिसेंबर १९१२ रोजी अमार्ना येथे थुत्मोस नावाच्या शिल्पकाराच्या कार्यशाळेत तो जर्मन संशोधक बोर्खार्ट याला सापडला. सापडेल त्याचे दोन भाग करायचे, असा तेव्हाचा कायदा. २० जानेवारी १९१३ ला वाटणी झाली. इजिप्तवर अंमल इंग्रजांचा, पुराणवस्तुखाते फ्रेंचांच्या हाती. म्हणजे वाटणीत दोन्ही बाजूंनी बोलणारे परकेच!

पुढे १९२४ साली लिहिलेले एक टिपण २००९ मध्ये उजेडात आले. त्यात म्हटले आहे की बोर्खार्टने पुतळा प्लास्टरचा म्हणून नोंदवला आणि त्याचे सौंदर्य दिसू नये असे छायाचित्र पुढे केले. यावर बर्लिनकर म्हणतात, यादीत तो अग्रभागी होता. पाहणाऱ्याने नीट पाहायचे होते.

हे वाचून मला वडिलांची वही आठवते. वडील राजवाड्यावर गात. एक पाहुणे गवई घरी आले, वही चाळून म्हणाले, "बुवा, किरकोळ चिजा आहेत, पण आठवण म्हणून नेतो." वडिलांनी हसत दिली. त्यांतल्या दोन चिजा पुढे त्या गृहस्थांनी दुर्मिळ म्हणून मैफिलीत मिरवल्या. चोरी झाली, असे मला कधीच म्हणता आले नाही. दिली ती वडिलांनीच, पण काय देतो आहोत हे त्यांना कळू दिले नव्हते.

जर्मनांतही हे जाणणारा एक माणूस होता. उत्खननाचा खर्च सोसून १९२० मध्ये पुतळा बर्लिनला देणारा जेम्स सायमन स्वतः १९३० मध्ये म्हणाला, तो इजिप्तला परत करा. तेव्हा बदल्यात दोन उत्तम पुतळे द्यायला इजिप्त तयार होता. लोकक्षोभापुढे सरकार कचरले. पुढे हिटलरने विषयच मिटवला. युद्धात पुतळा मिठाच्या खाणीत लपवून वाचवला, हे बर्लिनचे श्रेय खरे. परंतु सांभाळले म्हणून मालकी येते, हे मला पटत नाही. माझ्या मते तो परत जावा.

गेल्या रविवारी गाण्याच्या मुलांना आपल्या बडोद्याच्या संग्रहालयात नेले. सयाजीराव महाराजांनी विकत आणलेली इजिप्तची ममी पाहून एका मुलीने विचारले, "सर, हिला कोणी परत मागितले तर?"

मी म्हणालो, "महाराजांनी पैसे मोजले होते. कागद चोख असेल."

"पण बर्लिनचाही कागद चोख आहे, असे तुम्हीच म्हणालात ना?"

मुलांना घेऊन मी पुढच्या दालनात गेलो. तिला उत्तर द्यायचे राहिले आहे.